पराभवाचे साक्षीदार : मांझिकर्ट आणि उदगीर-पानिपत

इतिहास विजेते लिहितात, असे म्हणण्याचा प्रघात आहे. युद्धवाङ्मय चाळून पाहिले तर मात्र वेगळेच चित्र दिसते. विजेत्याला लिहिण्याची फारशी गरज भासत नाही. मिळालेला मुलूख, हाती आलेले किल्ले आणि खजिन्यातील भर हीच त्याची बखर असते. पराभूताला मात्र लिहावे लागते, कारण त्याच्याजवळ शिल्लक राहिलेली एकच गोष्ट म्हणजे प्रश्न. हे असे का झाले? चूक कोणाची? मेलेल्यांना काय सांगावे आणि जन्माला येणाऱ्यांना काय सांगावे? मराठी गद्याची जी जुनी लेणी आपण अभिमानाने मिरवितो, त्यांतील काही अत्यंत देखणी लेणी पानिपतच्या पराभवातून कोरली गेली आहेत, ही गोष्ट या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे.

त्या पराभवाच्या अवघ्या वर्षभर आधीचा विजय आपल्या अंगणातला होता. मुखेडच्या नैऋत्येला, शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरचा किल्ला उभा आहे. ज्यांच्या नावावरून गावाला नाव पडले असे मानतात, त्या उदगीर बाबांची समाधी या बहामनी काळापासूनच्या किल्ल्यातच आहे. नानासाहेब पेशव्यांचे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ यांनी याच उदगीर-औशाच्या टापूत निजामाच्या फौजेला कोंडीत धरले आणि ३ फेब्रुवारी १७६० रोजी निर्णायक तडाखा दिला. साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तहात मिळाला. दौलताबाद, अशीरगड, विजापूर आणि बुऱ्हाणपूर ही नावे त्या तहाच्या यादीत आहेत. एवढा मोठा विजय, आणि त्याच्यावर मराठी वाङ्मयात काय आहे? पानिपतच्या ग्रंथांच्या आरंभी येणारी काही पाने, आणि पाठ्यपुस्तकातली एखादी ओळ. उदगीर हे पानिपतचे प्रास्ताविक एवढ्यापुरतेच उरले आहे.

या विसंगतीचा विचार करताना एका दूरच्या मोहिमेची आठवण होते. अनातोलिया म्हणजे आजच्या तुर्कस्थानचा आशियातील भाग. तेथे १०७१ साली कॉन्स्टँटिनोपलचा ख्रिस्ती सम्राट चौथा रोमानोस डायोजेनिस हा सेल्जुक तुर्कांचा सुलतान अल्प अर्सलान याच्यावर चालून गेला आणि वान सरोवराच्या उत्तरेस मांझिकर्ट येथे पराभूत होऊन कैद झाला. आपल्या शिकवणीत पूर्वेकडील ख्रिस्तसभेचा हा इतिहास क्वचितच येतो. आला तरी क्रूसयुद्धांची पूर्वपीठिका म्हणून दोन वाक्यांत येतो. परंतु या मोहिमेला जे साक्षीदार लाभले, ते वाचले म्हणजे आपल्या बखरींकडे पाहण्याची एक नवी दृष्टी मिळते. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या दोन प्रकारच्या साक्षी शेजारी ठेवून पाहण्याचा आहे.

रोमानोस १०६८ च्या आरंभी सिंहासनावर आला तो विधवा सम्राज्ञी युडोकिया हिच्याशी विवाह करून. मृत सम्राटाचे डुकास घराणे राजवाड्यात होतेच, आणि या परक्या सेनापतीला ते मनातून कधीच स्वीकारणार नव्हते. तुर्कांच्या स्वाऱ्या रोखण्यासाठी त्याने १०६८, १०६९ आणि १०७१ अशा तीन मोहिमा स्वतः केल्या. शेवटच्या मोहिमेत त्याने सैन्याचा मोठा भाग खिलात या गावाकडे वेगळा पाठविला. तो भाग ऐन वेळी परतलाच नाही. ऑगस्टच्या अखेरीस लढाईच्या दिवशी सम्राटाने तुर्कांचा बराच पाठलाग केला. संध्याकाळ होऊ लागली तेव्हा छावणी उघडी पडेल म्हणून त्याने निशाणे मागे वळविली. दूरच्या तुकड्यांना वाटले, सम्राट पडला. पिछाडीवर अँड्रोनिकोस डुकास होता. त्याने मदतीला धावण्याऐवजी तशीच अफवा उठवून आपले सैन्य छावणीकडे काढून नेले. सम्राट घोडा मारला गेल्यावरही लढत राहिला आणि अखेर जखमी होऊन पकडला गेला.

हा वृत्तान्त ज्याच्याकडून येतो तो मिखाएल अत्तालियातिस पेशाने न्यायाधीश होता आणि सैन्याबरोबर प्रत्यक्ष छावणीत होता. लढाईच्या आदल्या रात्री तुर्क घोडेस्वार छावणीभोवती आरडाओरडा करीत फिरत होते आणि कोणाचाही डोळा लागला नाही, हे तो सांगतो तेव्हा ते ऐकीव वाटत नाही. रोमानोसविषयी त्याच्या मनात आदर आहे, ममताही आहे. तरीदेखील त्याच मोहिमेतील एक प्रसंग तो गाळत नाही. एका शिपायावर गाढव चोरल्याचा आळ आला. सम्राटाने त्याचे नाक कापण्याची शिक्षा फर्मावली. सैन्याबरोबर नेहमी नेली जाणारी पवित्र मरियेची प्रतिमा तेथे होती. तिचा आश्रय मागून त्या गरिबाने दयेची याचना केली, पण सम्राट द्रवला नाही. अत्तालियातिस लिहितो की त्या क्षणी आपल्या मनात पुढील अनिष्टाची शंका आली. एका राज्याचा पराभव सांगताना एका शिपायाचे नाक त्याला विसरता आले नाही, यातच त्याच्या लेखनाचे मोठेपण आहे. त्याने पुढे रायडेस्टोस गावी गरिबांसाठी आश्रयगृह स्थापन केले, याचे मग आश्चर्य वाटत नाही.

याच्याही पुढे तो जातो. कैद झालेल्या सम्राटाला सुलतानापुढे आणले, तेव्हा सुलतानाने त्याला उठवून आलिंगन दिले, आपल्या पंक्तीला जेवावयास बसविले आणि सन्मानाने वागविले. मी तुमच्या हाती सापडलो असतो तर काय केले असते, असे सुलतानाने विचारले. फटक्यांनी तुझे शरीर फोडले असते, असे सम्राटाने सरळ सांगितले. त्या कठोरपणाचे अनुकरण आपण करणार नाही, असा सुलतानाचा उत्तरार्थ होता. त्याच काळातील दुसऱ्या एका ग्रीक इतिवृत्तात तर सुलतान म्हणतो की तुमचा ख्रिस्त शांती आणि क्षमा शिकवितो असे माझ्या कानी आले आहे. हा संवाद तसाच घडला की नाही, हा प्रश्न वेगळा. ख्रिस्ती ग्रंथकाराने प्रभू येशूच्या शिकवणुकीची आठवण ख्रिस्ती सम्राटाला करून देण्याचे काम शत्रूच्या मुखी घातले, ही गोष्ट समीक्षकाच्या दृष्टीने त्या संवादाहूनही मोलाची आहे.

आठवडाभरात सुलतानाने तह करून सम्राटाला सोडून दिले. दरम्यान राजधानीत डुकास पक्षाने त्याला पदच्युत केले होते. यादवी झाली, रोमानोस हरला, आणि संन्यस्त वस्त्रे घेऊन शरण आला. त्याच्या जीविताची आणि शरीराची हमी बिशपांनी दिली होती. ती हमी पाळली गेली नाही. १०७२ साली त्याचे डोळे काढण्यात आले, आणि प्रोती बेटावरील मठात त्या जखमा चिघळून तो मेला. येथे अत्तालियातिसचा संयम सुटतो. तो थेट सत्ताधीशाला उद्देशून जाब विचारतो. शत्रूने जे सन्मानाने परत केले ते स्वकीयांनी विटंबून संपविले, ही त्याची वेदना शतकांनंतरही वाचकाला स्पर्श करते.

आता दुसरा साक्षीदार पाहू. मिखाएल प्सेलोस हा त्या काळचा सर्वांत बुद्धिमान ग्रंथकार, राजवाड्यातील सल्लागार आणि नव्या सम्राटाचा गुरू. भाषेवरील त्याचे प्रभुत्व अत्तालियातिसहून कितीतरी अधिक. पण त्याच्या इतिहासात रोमानोस हा केवळ उद्धट, सल्ला न ऐकणारा मनुष्य आहे, आणि सल्ला देणारा बहुधा स्वतः प्सेलोसच आहे. डोळे काढण्याच्या कृत्याचा तो निषेधही करतो आणि राज्याच्या हितासाठी ते टाळता येण्यासारखे नव्हते असे समर्थनही करतो. एवढेच नव्हे, तर आंधळ्या झालेल्या रोमानोसला त्याने सांत्वनाचे पत्र लिहिले, की देवाने तुझे डोळे नेले ते तुला अधिक उच्च प्रकाशास पात्र मानले म्हणून. भाषा भक्तीची आहे, परंतु तिचा उपयोग एका अत्याचारावर पांघरूण घालण्यासाठी झाला आहे. उत्तम शैली आणि पवित्र शब्द या दोन्ही गोष्टी असूनही लेखन खोटे कसे होऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

अर्थात अत्तालियातिसही निर्लेप नव्हता. त्याने आपला ग्रंथ ज्या सम्राटाला अर्पण केला, त्याने १०७८ साली डुकास घराण्याला दूर सारून सिंहासन मिळविले होते. तेव्हा अँड्रोनिकोस डुकासला दोष देणे त्याला सोयीचेही होते. प्रत्येक साक्षीदार कोणाच्या तरी घरी जेवलेला असतो. म्हणून त्याचा पक्ष कोणता हे ओळखून, त्या पक्षाला अडचणीचे ठरेल असे काही त्याने लिहिले आहे काय, ते शोधावे लागते. गाढवाच्या चोरीचा तो प्रसंग म्हणूनच इतका महत्त्वाचा.

हीच कसोटी आपल्या बखरींना लावून पाहू. पानिपतचा वृत्तान्त सांगणाऱ्या ग्रंथांत तीन प्रकारच्या साक्षी आहेत. रघुनाथ यादवाने ‘पाणिपतची बखर’ लिहिली ती गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून. रणात पडलेल्या विश्वासरावांच्या त्या मातोश्री. पुत्र गमावलेल्या मातेला ऐकवावयाची कथा, हे ओझे त्या लेखणीवर आहे. दुसरी ‘भाऊसाहेबांची बखर’. हिच्या कर्त्याविषयी एकमत नाही, परंतु मराठी गद्याच्या दृष्टीने ती अद्वितीय आहे. फारसी शब्दांनी खणखणणारी भाषा, महाभारताच्या उपमा आणि माणसामाणसांतील बोलाचाली यांमुळे ती वाचताना आपण फडात बसून ऐकत आहोत असे वाटते. तिसरा काशीराज पंडित. हा दक्षिणी ब्राह्मण अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या चाकरीत, म्हणजे पानिपतावर अब्दालीच्या बाजूच्या छावणीत होता. त्याने १७८० च्या सुमारास फारसीत आठवणी लिहिल्या.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात १७५० ते १७६१ या काळातील अस्सल पत्रे होती. त्या पत्रांशी ताडून पाहता बखरींतील तिथ्या, क्रम आणि संख्या ठिकठिकाणी चुकल्याचे त्यांनी दाखविले. त्यांचे म्हणणे इतिहासाच्या दृष्टीने योग्यच होते. परंतु बखर हे केवळ सदोष दप्तर नव्हे. तिथी चुकली तरी मनुष्य चुकत नसेल, तर ते लेखन वाङ्मय म्हणून टिकते. ‘भाऊसाहेबांच्या बखरी’त सूरजमल जाटाचा सल्ला झिडकारणारा भाऊ आहे, दिल्लीच्या दिवाणखान्यातील चांदीचे छत उतरविणारा भाऊ आहे, आणि सरदारांची आपसांतील तेढही आहे. आपल्याच नायकाचा तोरा बखरकाराने लपविला नाही. ज्या सूरजमलाचा असा अव्हेर झाला, त्याच्याच राज्यात पानिपतहून उपाशी, जखमी होऊन आलेल्या हजारो लोकांना अन्नवस्त्र आणि आश्रय मिळाला. दुखावलेल्या मित्राचे हे औदार्य मराठी स्मृतीने विसरू दिले नाही, ही तिच्या प्रामाणिकपणाची खूण आहे.

दोष शोधण्याच्या घाईत मात्र बखरवाङ्मय घसरते. मल्हारराव होळकर रणातून निघून गेले, याचा एका बाजूने फितुरी असा अर्थ लावला, तर होळकरांच्या बाजूच्या कैफियतीने तोच प्रसंग वेगळ्या रंगात मांडला. मांझिकर्टला अँड्रोनिकोस आणि पानिपतला मल्हारराव अशी जोडी लावण्याचा मोह होईल, परंतु तो आवरलेला बरा. पराभवाला एक गुन्हेगार सापडला की बाकी सर्वांची सुटका होते. म्हणूनच पराभूत समाजाला असा गुन्हेगार फार हवाहवासा वाटतो. साम्य शोधावयाचेच तर ते दुसरीकडे आहे. मांझिकर्टला वळलेले निशाण पाहून सैन्याने धीर सोडला. पानिपतावर विश्वासराव पडल्यानंतर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि रिकामी अंबारी पाहून सैन्याने धीर सोडला. सारी शक्ती एका माणसाच्या दिसण्यावर टांगलेली असली म्हणजे काय होते, हे दोन्ही ठिकाणच्या साक्षीदारांनी नोंदविले आहे.

काशीराजाची साक्ष मला सर्वांत विचार करावयास लावणारी वाटते. तो चाकर एका बाजूचा आणि भाषेने, रक्ताने दुसऱ्या बाजूचा. शुजाउद्दौल्याने विश्वासरावांच्या देहाची विटंबना होऊ दिली नाही आणि त्यांच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार होतील अशी खटपट केली, हे तो सांगतो. इब्राहिमखान गारदी याची कथाही त्याच्याकडूनच अधिक उजेडात येते. निजामाची चाकरी सोडून आलेल्या या तोफखान्याच्या सरदाराने उदगीरला भाऊंच्या विजयात मोठा वाटा उचलला होता. पानिपतच्या सकाळी त्याने भाऊंना आठवण दिली की माझ्या शिपायांच्या पगारासाठी मी हट्ट धरीत आलो म्हणून आपण नाराज होता, आज त्या पगाराचे चीज पाहा. त्याच्या पलटणी शेवटपर्यंत हटल्या नाहीत. तो जखमी होऊन पकडला गेला आणि स्वधर्मीयांच्याच बंदिवासात त्याचा क्रूर अंत झाला. ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ अशा सोप्या साच्यात पानिपत बसवू पाहणाऱ्याला इब्राहिमखान नेहमीच अडचणीचा ठरतो, आणि शुजाही. अडचणीची माणसे गाळून सांगितलेला इतिहास खरा नसतो.

आता उदगीरकडे परत येऊ. उदगीरवर बखर झाली नाही, यात केवळ वाङ्मयाचीच हानी झाली असे नाही. उदगीरला भाऊंनी शत्रूला चालते ठेवून त्याची रसद तोडली, घोडदळाने वेढले आणि तोफांनी भाजून काढले. प्रदेश आपला, चारा-पाणी माहितीचे. त्या यशामुळेच उत्तरेच्या स्वारीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि मार्च १७६० मध्ये ते परतूरहून निघाले. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे यमुनाकाठी पडले होते. पुढे पानिपतावर डाव नेमका उलटला. तेथे कोंडले गेलो ते आपण. रसद तुटली ती आपली. ती पोहोचविण्याच्या खटपटीत असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. यात्रेकरू आणि बायकामुले यांचा भार छावणीवर होता. जी युक्ती उदगीरला आपण चालविली तीच उलटून आपल्यावर आली, तर काय करावे, हा प्रश्न विजयाच्या आनंदात कोणी विचारला असता तर? पराभवाला शंभर टीकाकार मिळाले. विजयाला एकही मिळाला नाही. आणि ज्या भूमीवर तो विजय मिळाला ते उदगीर पुढे १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात राहिले.

नंतरच्या अभ्यासकांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. त्र्यं. शं. शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा १९६१ सालचा ग्रंथ दोषारोपाच्या पलीकडे जाऊन त्या मोहिमेमागील तत्त्व शोधतो. विश्वास पाटलांच्या १९८८ सालच्या ‘पानिपत’ कादंबरीने भाऊंना सामान्य वाचकाच्या हृदयात पुन्हा जागा मिळवून दिली. तथापि कादंबरी वाचून डोळे ओले होणे आणि इतिहास समजणे या दोन गोष्टी एक नव्हेत. मांझिकर्टविषयीही आधुनिक संशोधन सांगते की त्या एका दिवसाने अनातोलिया गेले नाही. सैन्याचा बराच भाग बचावला होता. अनातोलिया गेले ते पुढच्या दहा वर्षांच्या यादवीत, सिंहासनासाठी भांडणाऱ्यांनी तुर्कांनाच मदतीला बोलाविल्यामुळे. याउलट मराठे १७७१ साली महादजी शिंद्यांबरोबर पुन्हा दिल्लीत पोहोचले. पराभवानंतर एक समाज आपसांत लढत राहिला, दुसरा सावरला. पराभवाचा अर्थ रणात ठरत नाही, तो नंतर ठरतो.

हा विचार आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी मनावर घ्यावा असे वाटण्याचे आणखी एक कारण आहे. मांझिकर्टनंतरच्या संकटातच पूर्वेकडून मदतीची हाक आली आणि १०९५ साली पोप दुसरे अर्बन यांनी क्लेर्मों येथे क्रूसयुद्धाचे आवाहन केले. ज्यांच्या रक्षणासाठी हे युद्ध म्हणून सुरू झाले, त्या कॉन्स्टँटिनोपलचीच लूट १२०४ साली क्रूसयोद्ध्यांनी केली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी मे २००१ मध्ये अथेन्स येथे त्या कृत्याचे दुःख बोलून दाखविले आणि कॅथलिकांच्या अपराधांसाठी क्षमा मागितली. ही क्षमा शक्य झाली, कारण कोणीतरी खरी नोंद ठेवली होती. प्सेलोसच्या पद्धतीने सारे लिहिले गेले असते, तर क्षमा कशाची मागावयाची हेही कळले नसते.

आपल्या गावांत, आळीत, शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसतात. उद्या त्यांतील कोणी उदगीरचा किल्ला पाहून घरी प्रश्न विचारील, तेव्हा आपण त्याला कोणती कथा सांगणार? ‘आपण’ जिंकलो किंवा ‘आपण’ हरलो एवढीच सांगितली, तर ती फौजांची खानेसुमारी होईल. त्या कथेत तोफखान्याशी इमान राखणारा इब्राहिमखान असावा, मृतदेहाचा मान राखणारा शुजा असावा, अवमान गिळून अन्न वाढणारा सूरजमल असावा, कैद्याला पंक्तीला घेणारा अल्प अर्सलान असावा. आणि पवित्र मरियेच्या प्रतिमेपुढे दया मागूनही ती न मिळालेला तो निनावी शिपाईही असावा. शत्रूचे चांगले आणि आपले वाईट या दोहोंना जी कथा जागा देते, तीच मुलांच्या हाती निर्धास्तपणे द्यावी.